खोकं बोलतंय

पार्सल आलं की मी ते उघडण्याआधी कानाशी धरते आणि एकदा हलवून बघते. खोलीवरच्या मुली हसतात. आत काय आहे ते ओळखायचा हा माझा खेळ आहे, असं त्यांना वाटतं. पण ही सवय माझी नाही, विमलताईंची आहे. त्यांच्याबद्दल मी आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही. सांगायला लागले की एका ठिकाणी येऊन थांबते. म्हणून आता लिहून बघते.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. सकाळी बी.कॉम.चे तास आणि दुपारी बारापासून पुण्याजवळ मांजरीच्या पुढे एका गोदामात पॅकिंगचं काम, असे माझे दिवस होते. गोदाम एका ऑनलाइन बाजाराचं. विकणारे लोक आपला माल आधीच आमच्याकडे आणून ठेवत. कुणी कुठेतरी मोबाइलवर बोट टेकवलं की तो माल मांडणीवरून निघून निळ्या क्रेटमधून आमच्या टेबलावर येई. आम्ही तो खोक्यात भरायचा, लेबल लावायचं आणि पट्ट्यावर सोडायचा. वस्तू एकाची, गिऱ्हाईक दुसरं, मधलं खोकं तेवढं आमचं.

प्रत्येक टेबलावर एक स्क्रीन होता. काम वेळेत होत असेल तर त्याची कड हिरवी, उशीर झाला की लाल. पहिल्या दिवशी माझ्या स्क्रीनची कड लाल झाली. मी घाईघाईने एक काचेची बरणी खोक्यात ठेवली, वर कागद कोंबला, टेप लावली. पट्ट्यावर सोडणार एवढ्यात शेजारच्या टेबलावरून एक हात आला आणि खोकं उचलून घेऊन गेला.

पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या बाई होत्या. निळा एप्रन, डोक्याला घट्ट बांधलेला फुलाफुलांचा स्कार्फ, कपाळावर कुंकू नाही, त्या जागी हिरव्या गोंदणाचा एक ठिपका. त्यांनी माझं खोकं कानाला लावलं, डोळे मिटले आणि एकदाच हलवलं.

"बोलतंय," त्या म्हणाल्या.

"काय?"

"खोकं. आतलं सामान हलतंय. हितं बोलतंय म्हंजी गिऱ्हाइकाच्या दारात फुटून जाणार. कागद घाल अजून."

"मले उशीर होऊन राहिला," मी म्हटलं. घाबरले की माझ्या तोंडून गावची भाषा निघते.

"मले, तुले," त्यांनी वेडावून दाखवलं. मग माझंच खोकं त्यांनी उघडलं, बरणीच्या चारी बाजूंना कागद दाबून बसवला, बंद केलं, पुन्हा कानाला लावलं. "आता गप बसलं. सोड."

त्यांच्या या पद्धतीमुळे त्यांचा स्क्रीन सारखा लालच्या काठावर असे. पण त्यांच्या टेबलावरून गेलेलं काहीच फुटून परत येत नसे. आमचे सुपरवायझर केतन सर. राहायला बुधवार पेठेत, तिथेच वडिलांचं रेडिओ-टीव्हीच्या सुट्या भागांचं दुकान. वय तिशीच्या आसपास. ते कधी ओरडत नसत. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं मला वाटायचं. एकदा ते विमलताईंच्या मागे येऊन उभे राहिले, दोन-तीन खोकी कानाला लागलेली पाहिली आणि म्हणाले, "ताई, आपण खोकी भरताय की त्यांची नाडी बघताय?"

"नाडी न्हाई सायेब, धाप लागलीया का ते बगतीया."

"बघा, बघा. फक्त रोग्यांची रांग तिकडे पट्ट्यापर्यंत गेलीय, तेवढं लक्षात असू द्या."

आम्ही खाली मान घालून हसलो. विमलताई हसल्या नाहीत. सर दूर जाईपर्यंत त्यांच्या मानेवरची शीर उडत होती, ती मला दिसत होती.

त्या बाईंना किती भीती वाटे, हे कळायला मला वेळ लागला. एक गोष्ट मात्र लवकर लक्षात आली. त्या टेप ओढत तेव्हा आवाज होत नसे. आम्ही टेप खर्रकन ओढायचो. शंभर टेबलांवर एकदम तो आवाज व्हायचा. त्या मात्र अंगठ्याने रोल दाबून धरत आणि टेप हळूहळू सोडवत. मी विचारलं तर म्हणाल्या, "वाया जात न्हाई मग." मी खरं मानलं.

एका दुपारी त्यांच्या अगदी मागून कुणीतरी जोरात टेप ओढली. विमलताईंच्या हातातलं खोकं पडलं आणि दोन्ही हात डोक्यावर गेले. कोपरं पुढे, मान आत. कुणीतरी मारायला आलं की माणूस करतो तसं. क्षणभरच. मग त्यांनी हात खाली घेतले, खोकं उचललं, कानाला लावलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सवय हाय. काय बगतीस, काम कर."

त्यांची खोली मांजरी गावात, एका चाळीच्या टोकाला होती. रविवारी त्यांनी मला जेवायला बोलावलं. दाराला आतून दोन कड्या आणि एक अडसर होता. एवढ्याशा खोलीला एवढा बंदोबस्त कशाला, ते मी विचारलं नाही. भाकरी थापताना त्यांनी आपणच सांगितलं. नवरा गेल्यावर आठ वर्षं त्या दिराच्या घरात राहिल्या. दीर हात उचलायचा. कधी तर पुढ्यातलं ताट ओढून घ्यायचा. एका सकाळी तो मळ्यात गेल्यावर त्यांनी किराणा दुकानातून आणलेल्या एका खोक्यात आपलं सामान भरलं आणि एसटीत बसल्या.

"खोकं मांडीवर घेतलं हुतं," त्या म्हणाल्या. "आत माजा तांब्या आन् फुलपात्र. गाडी हलली की दोनी एकमेकावर आपटायची, टण टण टण. मला वाटायचं, समद्या गाडीला ऐकाय जातंय. बाई पळून चाललीया म्हून ते खोकंच सांगत सुटलंय. माजा जीव न्हवता जाग्यावर पुण्यापोत्तर."

त्यांनी भाकरी उलटली.

"ह्ये टेबल हाय तवर मी हाय. परत त्याच्या दारात उबं ऱ्हायचं न्हाई मला. कायबी हुदे."

त्यानंतर मी त्यांच्याकडे वेगळ्या नजरेने बघू लागले. गोदामाच्या फाटकापाशी कुठलीही मोटरसायकल थांबली की त्या टेबलाच्या खाली काहीतरी शोधायला लागत. गाडी निघून गेल्यावर वर येत. हातात काही नसे.

आणि त्यांच्या डोळ्यांचंही तेव्हाच माझ्या लक्षात आलं. स्क्रीनवर कुठल्या मापाचं खोकं घ्यायचं त्याचा आकडा येतो. त्या तो आकडा बघतच नसत. क्रेटमधली वस्तू हातात घेऊन एकदा तोलत आणि बरोबर मापाचं खोकं ओढत. मला त्याचं कौतुक वाटायचं. मग एक दिवस स्क्रीनवर काही सूचना आली तेव्हा त्या माझ्याकडे झुकून म्हणाल्या, "काय म्हंतोय गं त्यो?" समोर मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं. त्या शाळेत सातवीपर्यंत गेलेल्या होत्या, वाचता चांगलं येत होतं. मी त्यांच्या डोळ्यांकडे नीट पाहिलं. उजव्या डोळ्याच्या बाहुलीवर साय धरल्यासारखं काहीतरी होतं.

"ताई, हे दाखवायला पाहिजे. सरकारी दवाखान्यात ऑपरेशन करतात."

"आन् म्हैनाभर घरी बसवत्यात. तवर टेबल माजी वाट बगतंय व्हय?" त्यांनी आजूबाजूला बघितलं. "कुनाला बोलू नगंस. दिवाळी हू दे."

तेव्हापासून त्यांच्या स्क्रीनवरचं मी हळू आवाजात वाचून दाखवू लागले. बाकी काम बंदूक करत होती. बारकोड वाचायच्या यंत्राला आम्ही सगळे बंदूकच म्हणायचो. ती खोक्यावर आणि लेबलावर धरली की टूं असा आवाज येई, आणि ज्याचं लेबल त्याच खोक्यावर आहे हे कळे. त्या आवाजावर विमलताईंचा फार विश्वास होता. "माजा एक डोळा ही बंदूक आन् एक तू," असं त्या म्हणत.

दिवाळीच्या आधी गोदामात माल छतापर्यंत लागला. कंत्राटदाराच्या माणसाने सगळ्यांना गोळा करून सांगितलं की दिवाळीनंतर निम्मीच माणसं ठेवणार. ज्यांच्या टेबलावरून चुकीचा माल गेला असेल, त्यांची नावं आधी कटतील. त्या दिवसापासून गोदामातलं बोलणं थांबलं. डबा खातानासुद्धा लोक स्क्रीनकडे पाठ करून बसत नव्हते.

अशात खंडेनवमी आली. कारखान्यात यंत्रांची पूजा होते, दुकानात वजनकाट्याची होते, तर आमच्या बंदुकांनी काय पाप केलं, असं कुणीतरी म्हणालं. केतन सरांनी पंधरा मिनिटं दिली. बंदुका चार्जिंगला लावायची मांडणी होती, तिच्याजवळ कुणीतरी ओढणी अंथरली. त्यावर सगळ्या बंदुका, टेपचे रोल, कात्र्या ओळीने ठेवल्या. झेंडूची फुलं आली. एका वाटीत हळद आणि एकीत पाणी घालून कालवलेलं कुंकू.

प्रत्येक जण आपापल्या बंदुकीला कुंकू लावत होता. विमलताई मागे, खांबाला टेकून उभ्या होत्या. मी त्यांना पुढे बोलावलं तर त्यांनी मान हलवली. मग मला खुणेने जवळ घेऊन हळूच म्हणाल्या, "माज्या हातानं नगं. तू लाव माज्या बंदुकीला. चांगलं लाव, समद्यात जास्ती गरज तिला हाय."

मी ते फार मनापासून केलं. चांगलं लावायचं म्हणून अंगठा वाटीत बुडवला. बंदुकीला कपाळ कुठे असणार, तर समोर, तिथेच, असं मला वाटलं. समोर जी चौकोनी काळी काच होती तिच्या मधोमध मी कुंकू दाबून लावलं. बाकीच्यांनी मुठीवर, पाठीवर लावलं होतं, हे माझ्या लक्षातच आलं नाही. विमलताईंनी लांबून हात जोडले.

पंधरा मिनिटं संपली. पट्टा सुरू झाला. आणि केतन सरांनी येऊन मला सांगितलं, "आपण जरा पलीकडच्या ओळीत या. तिथे दोन माणसं कमी आहेत."

मी विमलताईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "जा." मी गेले.

पुढचं मला नंतर कळलं. बंदुकीने टूं केलंच नाही. विमलताईंनी काच पदराने पुसली, तर ओलं कुंकू पसरलं आणि वाळून घट्ट बसलं. दुसरी बंदूक मागायला सरांकडे जावं लागलं असतं आणि स्क्रीन लाल झाला होता. बंदूक चालत नसेल तर खोक्यावरचा आणि लेबलावरचा आकडा डोळ्यांनी जुळवून हाताने टाकायचा असतो. त्यांनी तसं केलं. एका मापाची दोन खोकी समोर होती. एका आकड्याच्या शेवटी तीन होता, दुसऱ्याच्या शेवटी आठ. लेबलं एकमेकांच्या खोक्यावर गेली. सोडण्याआधी त्यांनी दोन्ही खोकी कानाला लावली होती. दोन्ही गप्प होती.

संध्याकाळी त्यांनी ती बंदूक मला दाखवली. काचेच्या कोपऱ्यात लाल ठसा राहिला होता, माझ्या अंगठ्याच्या रेघा दिसत होत्या. मी नखाने खरवडायला लागले. "न्हाई निगत," त्या म्हणाल्या. "किती खोकी हातानं टाकली मला आठवत बी न्हाई. समदी बरोबर गेली असतील का गं?"

"गेली असतील, ताई."

"तुज्या देवाला इचार."

त्यानंतरचे दिवस मला नीट सांगता येणार नाहीत. रोज कामावर आलो की विमलताई आधी केतन सरांच्या चेहऱ्याकडे बघत. सर कुणालाही हाक मारोत, त्यांचा हात थांबे. पाचव्या दिवशी काहीच झालं नाही. सहाव्या दिवशी काहीच झालं नाही. विमलताईंनी डब्यातली अर्धी भाकरी मला दिली आणि म्हणाल्या, "पोचलं वाटतं समदं." सातव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर सरांनी दोघींना केबिनमध्ये बोलावलं. मला शेजारचं टेबल म्हणून.

त्यांच्यासमोर एक खेळण्यातली मोटार होती. एका गृहस्थांनी वडिलांसाठी रक्तदाब मोजायचं यंत्र मागवलं होतं, त्यांना ही मोटार मिळाली होती. यंत्र एका लहान मुलाच्या वाढदिवसाला पोचलं होतं.

"मुलाचा रक्तदाब तरी आता व्यवस्थित मोजला गेला असेल," सर म्हणाले. पण त्यांच्या आवाजात नेहमीची मजा नव्हती. "ताई, आपण आकडे हाताने का टाकलेत?"

"बंदूक वाचत न्हवती सायेब."

सरांनी खणातून ती बंदूक काढून टेबलावर ठेवली. "काचेवर कुंकू आहे. पूजा झाली तिथे कॅमेरा नाही, त्यामुळे मला विचारावं लागतंय. कुणी लावलं?"

केबिनच्या काचेबाहेर पट्टा चालला होता. खोकी एकामागून एक जात होती. मला वाटलं, मी बोलतेच आहे. ओठ हलले की नाही मला माहीत नाही. माझा अंगठा मी मुठीत धरला होता.

"म्या लावलं," विमलताई म्हणाल्या.

सरांनी मान वर केली. त्यांनी विमलताईंच्या कपाळाकडे पाहिलं, त्या हिरव्या ठिपक्याकडे. ते पेठेतल्या घरात वाढलेले. त्यांना सगळं कळत होतं.

"तुम्ही," ते म्हणाले. "कुंकू."

"व्हय. म्याच."

सर माझ्याकडे वळले. "आपल्याला काही सांगायचंय?"

"नाही, सर."

मी हे म्हटलं. आवाज स्पष्ट होता. अडखळले नाही, गावची भाषाही आली नाही.

"बरं," सर म्हणाले. "मग तसं लिहितो."

बाहेर आल्यावर मी विमलताईंचा हात धरला. म्हटलं, मी आत जाते, खरं सांगते. त्यांनी हात सोडवून घेतला.

"गप बस. आकडं म्या टाकलं, तू न्हाई. तू सांगितलंस तर तुजं बी नाव जाईल, माजं काय परत येनार न्हाई. तुला कालेज हाय."

"आन् तुम्हाले?"

"मला दीर हाय," त्या म्हणाल्या आणि टेबलाकडे गेल्या. त्या दिवशी उरलेली सगळी खोकी त्यांनी कानाला लावून सोडली. स्क्रीन लालच होता. त्यांनी त्याच्याकडे एकदाही बघितलं नाही.

दिवाळी झाली आणि ठेवलेल्या माणसांची यादी लागली. माझं नाव होतं, विमलताईंचं नव्हतं. मी त्यांना म्हटलं, दुसरीकडे काम बघू, आधी डोळा करून घेऊ, तोवर माझ्या खोलीवर राहा. आम्ही एका खोलीत पाच मुली होतो आणि मालकीणबाई सहावी उशीसुद्धा मोजायच्या, हे त्यांना माहीत होतं. त्या म्हणाल्या, "डोळ्यानं दिसंना, कोन ठेवून घेईल? फोन केलाय म्या त्याला. उद्या येतोय."

दुसऱ्या दिवशी मी पहिला तास सोडून मांजरीला गेले. मी पोचले तेव्हा चाळीच्या तोंडाशी एक मोटरसायकल उभी होती. त्यावर पांढऱ्या टोपीतला, जाड मानेचा माणूस बसला होता. इंजिन चालूच होतं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि नजर फिरवली.

विमलताई खोलीबाहेर आल्या. हातात आमच्याच गोदामातलं एक बाद झालेलं, मधल्या मापाचं खोकं होतं. एवढंच. मला बघून त्या थांबल्या. मग सवयीने त्यांनी खोकं कानाला लावलं आणि हलवलं. आत टण असा आवाज झाला. तांब्या आणि फुलपात्र. मला तो आवाज स्पष्ट ऐकू आला, आणि तो त्या माणसालाही गेला असणार असं वाटून मी त्याच्याकडे बघितलं.

विमलताई खाली उकिडव्या बसल्या. खोकं उघडलं. त्यांनी डोक्याचा स्कार्फ सोडला, त्याची नीट घडी केली आणि त्या दोन भांड्यांच्या मधल्या फटीत दाबून बसवली. त्यांचे केस मी पहिल्यांदाच पाहिले. कानामागे एका ठिकाणी केस उगवलेले नव्हते. खोक्याचे चारी कान त्यांनी एकात एक अडकवले, कारण टेप नव्हती. मग उभ्या राहिल्या आणि पुन्हा खोकं कानाला लावलं.

त्याच वेळी त्याने हॉर्न दाबला.

विमलताईंचा एक हात डोक्यावर गेला, कोपर पुढे, मान आत. दुसऱ्या हाताने त्यांनी खोकं कानापाशी तसंच धरून ठेवलं होतं. ते गप्प झालं आहे की नाही, हे त्यांना पुरतं ऐकायचं होतं. ऐकून झाल्यावरच त्या गाडीकडे गेल्या.